उजवीकडून डावीकडे

सोहारला, भाजीबाजारामागच्या गल्लीत
माझं टायपिंगचं दुकान.
व्हिसा, हरवलेला पासपोर्ट, अडकलेला पगार,
तीन रियालांत कुणाचंही म्हणणं
मी अरबीत बसवून देतो.

प्रल्हाद चिंदरकर दारात उभा राहिला
तेव्हा वाटलं, हा मला वेडावतोय.
जीभ बाहेर, आत. ओठांचा चंबू. पुन्हा जीभ.
मी जरा तिखटच विचारलं, काय पाहिजे?
तो म्हणाला, "परकारभाई, राग मानू नका,
हे मी करत नाही."

कॅम्पच्या मेसमध्ये आचारी.
चारशे माणसांची डाळ
जिभेच्या शेंड्यावर तोलणारा.
मग मळमळ सुरू झाली, खाल्लेलं वर येऊ लागलं.
क्लिनिकने गोळी दिली,
पांढरी, शर्टाच्या बटणाएवढी.
बरं वाटलं, खोटं कशाला बोला.
म्हणून 'चालू ठेवा'.
पुढच्या महिन्यात 'चालू ठेवा'.
चौदा महिने तेच दोन शब्द
तीन डॉक्टरांच्या तीन अक्षरांत.
गोळ्या सुट्या मिळायच्या, कागदी पाकिटात.
खोक्यातली ती घड्यांची चिठ्ठी,
मुंगीएवढ्या टायपातली,
जिच्यात लिहिलेलं असतं की फार दिवस घेऊ नका,
चेहरा हातचा जाऊ शकतो, कधी कधी कायमचा,
ती कुणाच्या कचऱ्यात गेली
एवढाच खरं तर खटला.

आधी बिहारी पोरं उठली पंगतीतून.
मग कुणीतरी म्हणालं, हा डाळीत थुंकतो.
त्याला भांड्यांवर घातलं, मग खोलीवर बसवलं,
मग एक कागद पुढे सरकवला:
'सगळा हिशेब मिळाला. माझी काही तक्रार नाही.'
खाली सहीची जागा,
वर टाचणीने लावलेलं गोव्याचं तिकीट.

वकील कुरियन भला माणूस.
म्हणाला, सही केलीस तर माझे हात बांधले.
नाही केलीस तर डॉक्टरांची समिती बसेल,
क्लिनिकची फाईल मागवतील,
वर्ष लागेल, दीड लागेल.
आणि तोवर व्हिसा?
कुरियनने चष्मा काढून पुसला.
स्वच्छच होता.

मी टाईप करू लागलो.
'हे मी करत नाही' याला अरबीत
शब्द आहे: ला इरादी.
इरादा आपलाही, त्यांचाच, कधीतरी गलबतातून आलेला.
मी त्याला सांगितलं. तो म्हणाला,
"इरादा? माझा इरादा माडीवर स्लॅब टाकायचा होता."
आणि हसला असावा.
त्या चेहऱ्यावर हसू वेगळं काढता येत नव्हतं.

घरी व्हिडिओवर तो पंखा दाखवतो.
मुलीला वाटतं, बाबांकडे नेटवर्क नाही.
खोलीतला सोबती सांगतो, झोपेत सगळं थांबतं.
रात्री दोन ते पाच
तो जुना प्रल्हाद असतो,
पण तेव्हा त्याला बघायला कोण जागं?

अर्ज झाला. "वाचून दाखवा," म्हणाला.
मी उजवीकडून बोट सरकवत
मालवणीत परत आणत गेलो एकेक ओळ,
आणि तो मान हलवत होता,
दुसऱ्या कुणाचं दुखणं ऐकावं तशी.
'नुकसानभरपाई' आल्यावर विचारलं,
"ह्यात जिभेचे किती धरतात?"

तेवढ्यात कराकची दोन कपटं आली.
पेला दोन्ही हातांनी धरून
त्याने जीभ आत ओढली, दातांनी अडवून ठेवली,
आणि एक घोट.
"वेलची शिळी आहे. आणि दूध डब्याचं."
मी चाखून बघितला. खरं होतं.

हे लिहायला अर्जात रकाना नव्हता.

तीन रियाल टेबलावर ठेवून तो गेला,
एका खिशात माझा कागद,
दुसऱ्यात कंपनीचा.
सहा तारखेचं विमान आहे.
आज चार.